शेवटच्या कर्ण्याखाली

वाटणीच्या बैठकीला माईक लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक काका.

मोशीत त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. गुरुवार होता, म्हणजे आमच्या कंपन्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार. मी ओट्यापाशी उभी राहून आठवड्याची भाजी निवडत होते, डब्यांत भरत होते आणि डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. खाली अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, पाहुणे जमले होते. मला वाटलं, पूजा असेल. तेवढ्यात माझ्या खिडकीबाहेर, गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या कर्ण्यातून आवाज आला, "हॅलो, हॅलो. मागच्यांना ऐकू येतंय का?"

मागच्यांना येत असावं. कारण मग काकांनी, लग्नात आहेर पुकारावा तशा सुरात, एकेक बाब सांगायला सुरुवात केली. घराची पूर्वेची बाजू थोरल्याकडं. पश्चिमेची धाकट्याकडं. बोअर दोघांत. वरचा मजला, भाडेकरूसकट, थोरल्याकडं. रस्त्याकडचे गाळे याला, नदीकडचा तुकडा त्याला. आणि त्याच सुरात, मध्ये श्वासही न घेता, "आई धाकट्याकडं. आन मी थोरल्याकडं."

हातातली गवार हातातच राहिली. मी चाकणच्या एका कारखान्यात मटेरियल प्लॅनिंग बघते. कुठला माल कुठल्या लाइनला जाईल हे ठरवणं माझं रोजचं काम आहे, आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलेलं नाही. पण नातवंडं झालेले नवरा-बायको असे दोन लाइनला पाठवलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते पुकारत होता खुद्द नवरा. रात्रपाळी करून आलेल्या माझ्या नवऱ्याला मी हलवून उठवलं. आईवडिलांची अशी वाटणी बऱ्याच घरांत होते, असं म्हणून तो कुशीवर वळला. मी मात्र दिवसभर कामात चुकत राहिले. मंगळवारच्या डब्यात त्या आठवड्यात काहीच नव्हतं.

बैठक तिथं संपली असती तरी बरं झालं असतं. पण धाकटा मुलगा उठून काहीतरी म्हणाला. त्याच्यापुढं माईक नव्हता, म्हणून मला ऐकू आलं नाही. पुढं कळलं की तो म्हणाला होता, आईच्या कानांना आता तरी आराम पडू दे. ते वडिलांना झोंबलं. कर्णा पुन्हा बोलला, आणि या वेळी त्यात आहेराचा सूर नव्हता. "मंडळी, ऐकून ठेवा. ह्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार न्हाई."

पुढच्या आठवड्यात गवंडी आले. काका-काकूंची झोपायची खोली चांगली ऐसपैस होती. नेमकी तिच्या मधोमध सिमेंटच्या ब्लॉकची भिंत उठली. पूर्वेच्या अर्ध्या खोलीत काका, पश्चिमेच्या अर्ध्या खोलीत काकू. त्यांच्या दारातून निघून, गल्लीला वळसा घालून तिच्या दारात पोचायला मला भाजीची पिशवी घेऊनही वेळ लागत नसे. त्यांना मात्र तो रस्ता कायमचा बंद झाला होता.

"रागात बोललात, सोडून द्या," असं मी एकदा म्हणून पाहिलं. तेव्हा मला त्यांचा कायदा माहीत नव्हता.

तो कायदा असा की कर्ण्यातून गेलं ते गेलं. मोशी जेव्हा निव्वळ शेतीचं गाव होतं तेव्हापासून काकांचा लाउडस्पीकरचा धंदा. रेकॉर्डी वाजवायच्या, मध्ये थांबून आहेर पुकारायचे, पुन्हा रेकॉर्ड लावायची. एका लग्नात नवरीच्या मामानं स्टीलची घागर दिली आणि हे माईकवर तांब्याची म्हणून गेले. लोकांनी सांगितलं, चूक झाली, परत पुकारा. यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी भोसरीला जाऊन तांब्याची घागर आणली आणि नवरीच्या सासरी पोचवली. ही हकीकत मला त्यांच्या थोरल्या सुनेनं सांगितली, अजून त्या घागरीचा राग धरून. तिच्या लग्नाच्या आधीची गोष्ट होती, तरी.

धंदा केव्हाच बंद पडला होता. डीजेच्या मोठाल्या पेट्यांचे आणि रंगीत दिव्यांचे दिवस आले, तेव्हा काकांनी कर्णे उतरवून आपल्या खोलीत खिळ्यांना टांगले. पण सवयी गेल्या नव्हत्या. फोन आला की आधी त्यावर बोटानं टकटक करायचे, एक फुंकर मारायचे, मग हातभर लांब धरून बोलायचे. माझ्याकडं निरोप असला की जिन्याखाली उभं राहून दोनदा "हॅलो" म्हणायचे. मी खाली डोकावले की मग बोलायचे, पण तेही मला नाही, गल्लीला. "वरच्या म्याडमकडं उद्या पाणी उशिरा येईल." टँकरवाल्यालासुद्धा माझ्या आधी कळायचं.

माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी एकदा पाहिल्या आणि फार बारकाईनं वाचल्या. मग म्हणाले, "ज्याच्या डब्यात चिठ्ठीवर लिहिलंय तेच निघतं, त्याच्या बोलण्यावर इस्वास ठेवावा." तेव्हापासून ते मला एक दर्जा वर धरायला लागले.

आणि त्यांची एक पद्धत होती, तिचा त्यांना अभिमान होता. लग्नाच्या मांडवापासून वेशीपर्यंत कर्णे बांधत जायचं, आणि रेकॉर्ड सुरू झाली की स्वतः चालत जाऊन शेवटच्या कर्ण्याखाली उभं राहायचं. "फुडच्या कर्ण्याखाली कोणबी उभं ऱ्हातंय," ते म्हणायचे. "तिथं ऐकू येणारच. शेवटच्याखाली काय पोचतंय ते धंदेवाल्यानं सोताच्या कानानं बगायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं खरं न्हाई."

भिंत झाल्यावरही काही दिवस बरे गेले. काकू काठी टेकत चालायच्या. ब्लॉकच्या भिंतीतून बोलणं ऐकू येत नसलं तरी काठीची टक टक येत असे. काका सकाळी भिंतीशी खुर्ची लावून बसायचे आणि काठी संडासाकडं गेली, परत आली, देवापाशी थांबली, हे मला सांगायचे. मग एक दिवस काकू न्हाणीत पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या ते पलंगावरच. काठी थांबली.

थोरल्याच्या घरात बातम्या येत त्या कामवालीकडून, आणि येईपर्यंत त्यांना तिखटमीठ लागलेलं असे. आई कुणाला ओळखत नाही. आईचा उजवा हात गेला. आई बोलत नाही. मी स्वतः जाऊन आले होते. धाकट्यानं आईसाठी दवाखान्यातला असतो तसा वरखाली होणारा पलंग आणला होता, तो आणि त्याची बायको दोघं मिळून तिला उठवत-बसवत होते. काकू थकल्या होत्या, कमी बोलत होत्या, पण मला ओळखून हसल्या होत्या. मी हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच कोणी असा अविश्वास दाखवला, आणि नेमका त्यांनी. मी काकूंकडं फोन घेऊन गेले, समोरासमोर दिसतील असा लावला. नवऱ्याचा चेहरा फोनवर उगवलेला पाहून काकूंनी डोक्यावरचा पदर थेट हनुवटीपर्यंत ओढला आणि फोन मला परत दिला. पलीकडं काकांना दिसला तो नुसता पदराचा काठ. ते हातभर लांबून "हॅलो, हॅलो" करत राहिले.

मग त्यांनी आपल्या परीनं उपाय केला. त्यांच्याकडं रेकॉर्ड-प्लेअर होता, धंदा बंद झाल्यावर हौसेनं जुन्या बाजारातून घेतलेला. त्याच्यापासून एक वायर खिडकीतून काढली, अंगणातही मधोमध घातलेल्या भिंतीवरून पलीकडं टाकली आणि टोकाला छोटा स्पीकर बांधून काकूंच्या खिडकीच्या गजाला अडकवला. उंबऱ्यावर पाय न ठेवता, काठीच्या टोकानं. संध्याकाळी धाकटा कामावरून आला. त्यानं वायर पाहिली, घरातून पक्कड आणली आणि बरोबर भिंतीवर, हद्दीच्या रेषेवर, तोडली. स्पीकर गुंडाळून या बाजूला ठेवून दिला, नीट, काही न मोडता. त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं की त्याला भाऊबंदांनी भरवलं होतं, आज वायर येऊ दिलीस तर उद्या त्या वायरीबरोबर हक्क येईल. शिकलेला माणूस, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला.

दोन्ही मुलांपैकी वाईट कोणीच नव्हतं. मला सगळ्यात जास्त धक्का बसत होता तो याचाच.

वायर तुटल्यानंतरच्या एका गुरुवारी काका जिना चढून माझ्या दाराशी आले, आणि "हॅलो" न म्हणता, गल्लीला न सांगता, अगदी हळू बोलले, तेव्हा मी हातातलं काम ठेवलं. "म्याडम, थोरल्यानं दिवाणखान्यात ते बिनतारी डबडी आणल्यात. माझी रेकॉर्ड त्यातून वाजंल का?"

बिनतारी हा शब्द या माणसाच्या तोंडून. तारेवर त्यांची श्रद्धा होती. तार दिसली पाहिजे, कुठून निघाली आणि कुठं पोचली ते बोटानं दाखवता आलं पाहिजे. तार न दिसणारा आवाज म्हणजे अफवा, असं ते थोरल्याला पाहुण्यांसमोर म्हणाले होते. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, "तार तोडता येती. हे कशानं तोडणार?" आणि मग, "शेवटच्या कर्ण्याखाली तेवढं तुमी उभं ऱ्हावा. मला जाता येत न्हाई. तुमी बघाल तेच सांगाल. डब्यात असंल तेच."

म्हणजे काकूंपर्यंत गाणं पोचतं का, पोचलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, त्या अजून काकू आहेत का, हे पाहून यायचं. असं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मी यादी केली.

थोरल्याकडच्या संचात तीन स्पीकर होते. स्वयंपाकघरातला मिक्सरला प्लग मोकळा हवा म्हणून काढूनच ठेवलेला होता. दुसरा थोरल्या सुनेनं आनंदानं दिला. रेकॉर्ड गच्चीवरून घुमण्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणाली. एका स्पीकरला मागं वायर खोचायची जागा होती. तो प्लेअरजवळ ठेवायचा, प्लेअरची वायर त्यात द्यायची, आणि तिथून आवाज वाय-फायवरून दुसऱ्या स्पीकरकडं जाणार. पहिल्या प्रयत्नात आवाज आला तो डासाएवढा. मी सूचनांची पत्रिका उलटसुलट वाचली. काका म्हणाले, सुईचा आवाज तान्ह्या पोरासारखा, त्याला कोणीतरी कडेवर घ्यायला लागतं. पत्रिकेतही शेवटी हेच निघालं, वेगळ्या शब्दांत. आवाज वाढवणारी एक छोटी डबी मागवली आणि मध्ये बसवली.

मग प्रश्न वाय-फायचा. दोन्ही स्पीकर एकाच वाय-फायवर हवेत. थोरल्याचं इंटरनेट वेगळं, धाकट्याचं वेगळं, आणि कोणीही दुसऱ्याला पासवर्ड देणार नव्हतं. पण आम्ही राहत होतो दोघांच्या डोक्यावर. या घरात बोअरपासून बायकोपर्यंत सगळं वाटून झालं होतं, माझं वाय-फाय तेवढं शिल्लक होतं. मी राउटर हॉलमधून काढून बेडरूमच्या कोपऱ्यात, बरोबर खालच्या भिंतीच्या वर आणून ठेवला.

आधी काकांच्या खोलीतच दोन्ही स्पीकर ठेवून चाचणी घेतली. काकांनी टोपी नीट केली, रेकॉर्ड शर्टाच्या बाहीनं पुसली, सुई ठेवली. काहीच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. आणि मग, जणू आतून कोणी उठून यावं तसं, गाणं सुरू झालं. काका घाबरले आणि त्यांनी सुई उचलली. सुई त्यांच्या हातात, तबकडीपासून वीतभर वर. आणि गाणं चालूच. एक पूर्ण ओळ चाललं आणि मग थांबलं.

ते भिंतीला टेकले. "सुई माझ्या हातात हाय," ते म्हणाले. "मग गातंय कोण?"

मी त्यांना सांगितलं की हे यंत्र आधी थोडा आवाज ओंजळीत साठवून घेतं आणि मग दोन्हीकडं एकदम सोडतं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. पण त्यांनी पुन्हा सुई ठेवली, पुन्हा उचलली, आणि ती उरलेली ओळ मान वाकडी करून ऐकली. असं ते बराच वेळ करत राहिले. मला कंटाळा आला तरी मी थांबले, कारण त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. "हात काढला तरी शब्द मागं ऱ्हातोय," ते शेवटी म्हणाले. "लई वाईट चीज हाय ही."

धाकट्या सुनेशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. नवऱ्याला तिनं स्पीकर वरच्या ताईंचा आहे, आईला भजनं ऐकायला, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. स्पीकर काकूंच्या उशाशी ठेवला. त्याच्या डोक्यावर एक गोल बटण होतं, मी काकूंचं बोट त्यावर नेऊन दाखवलं, दाबलं की बंद, परत दाबलं की चालू. काकूंनी विचारलं, कुठं बंद? मी म्हटलं, इथंही आणि तिकडंही, एक दाबलं की दोन्ही गप्प. त्यांनी बटणाकडं थोडं निरखून पाहिलं.

ठरल्याप्रमाणं मी काकांना फोनवरून खूण दिली. स्पीकरमधून आधी खरखर आली, मग सनई, मग गाणं. काकांनी रेकॉर्ड निवडली होती ती मला माहीत होती. त्यांच्या स्वतःच्या लग्नात वाजवलेली. काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले. मी मनात नोंद करत होते, ओळखलं, नक्की ओळखलं. धाकट्या सुनेनं पदरानं डोळे टिपले.

"हीच," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "हीच होती." आणि उजवा हात हळूहळू उचलून त्यांनी बटण दाबलं.

खोलीत एकदम शांतता झाली. मला वाटलं, चुकून दाबलं गेलं. मी पुढं झाले तशी त्यांनी माझा हात धरला. पडल्यापासून त्या एवढं सलग कोणाशी बोलल्या नव्हत्या.

"लग्नात माझ्या डोक्यावरच कर्णा बांधला व्हता ह्यांनी. मांडवाच्या मेढीला. मी निघाले तवा आईनं मला जवळ घेतलं आन कानात काय तरी सांगितलं. लई येळ सांगत व्हती. माझ्या कानात नुसतं हे गाणं. म्या मान हालवली. म्हनलं, परत आल्यावर इच्यारू." त्या थांबल्या. "मी माघारी जायच्या आत आई गेली."

धाकटी सून माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. एवढ्या वर्षांत सासूनं हे तिला सांगितलं नव्हतं. मुलांनाही नाही. त्या घरात दिवसभर कोणी ना कोणी माईकवर असायचं, त्यात हे सांगायला जागा कधी झाली असेल?

मी गल्लीला वळसा घालून परत निघाले. काकांना काय सांगायचं ते ठरवायला तेवढी गल्ली पुरणार नव्हती. लग्नाची रेकॉर्ड तिनं अर्ध्यात बंद केली हे सांगायचं. का, ते सांगायचं की नाही? पण मला पाठवलं होतं ते डब्यात असेल तेच सांगते म्हणून.

काका खोलीत उभे होते. रेकॉर्ड फिरत होती, सुई तिच्यावर होती आणि आवाज कुठंच नव्हता. त्यांनी मला खुर्चीही दिली नाही.

"बंद कोणी केलं? सुनंनं?"

"काकूंनी."

"कोणाच्या हातानं?"

"त्यांच्याच. उजव्या."

ते खाली बसले. आणि हसायला लागले. तोंड उघडून, आवाज न करता. "उजव्या हातानं," ते म्हणाले. "बंद केलं. म्हंजी जशीच्या तशी हाय ती." आयुष्यभर कोणाला आपला कर्णा बंद करू न दिलेला माणूस, बायकोनं बंद केला म्हणून हसत होता. मी त्या दिवशी इतक्या धक्क्यांनंतर आणखी एकाला तयार नव्हते. मग त्यांनी विचारलं, काय म्हणाली? आणि मी सगळं सांगितलं.

हसू कुठं गेलं ते कळलंच नाही. त्यांनी फिरणाऱ्या रेकॉर्डवरची सुई उचलली. मी विचारलं, पाठवणीच्या वेळी तुम्ही शेजारीच असाल ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. नवरदेव असूनही ते स्वतः होते वेशीवर. शेवटच्या कर्ण्याखाली. आवाज पोचतो का ते बघायला गेले होते.

"पयल्या कर्ण्याखाली मी कवा उभाच ऱ्हायलो न्हाई," ते म्हणाले.

त्यानंतर ती रेकॉर्ड त्यांनी परत लावली नाही. बाकीच्या लावायचे, सकाळी, काकूंचा चहा होत असेल त्या सुमाराला, आणि आवाज अगदी लहान ठेवून. थोड्या वेळानं पलीकडून बटण दाबलं जायचं आणि स्पीकर गप्प व्हायचा. कधी पहिल्याच ओळीला, कधी कडवं झाल्यावर. काका सुई उचलायचे, टोपी घालायचे आणि बाहेर येऊन मला सांगायचे, "उठली." किंवा, "आज रागात हाय." किंवा, "आज कडव्यापर्यंत ऐकलं तिनं." मी कंपनीची बस पकडायला निघालेली असायचे. गल्लीतल्या लोकांना ते काही सांगत नसत. पुकारणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. थोरल्या सुनेला वाटलं, म्हातारा आजारी आहे. धाकट्याला एव्हाना सगळं कळलं असणार, स्पीकर त्याच्याच घरात रोज वाजत होता. त्यानं पक्कड काढली नाही. तोडायला काही नव्हतंच.

नंतर एका गुरुवारी मी पायऱ्यांवर बसून वाल सोलत होते. खालून गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मी हात थांबवला. खिडकीतून काका दिसत होते, स्पीकरवर वाकलेले. गाणं चालूच होतं. तिसरं कडवं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. ते संपलं, वाद्यं थांबली, आणि सुई शेवटच्या रेघेत गोल गोल फिरत खरखर, खरखर करत राहिली. कोणी बटण दाबलं नाही.

काका बाहेर आले. डोक्यावर टोपी नव्हती, पायात चपला नव्हत्या. मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. या वयाचा माणूस असा पळताना मी पाहिला नव्हता. मी मागोमाग गेले, परात तिथंच टाकून. गल्लीच्या वळणावर त्यांनी भिंतीचा आधार घेतला, पुन्हा निघाले. धाकट्याच्या दारात धाकटा उभा होता, तोंडाला दाढीचा साबण, हातात रेझर. बापाला समोर बघून तो गोठला. काका थांबलेच नाहीत. तो बाजूला झाला. काकांनी उंबरा ओलांडला, आणि मला खात्री आहे, ओलांडताना तो त्यांना दिसलासुद्धा नाही.

मी खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा ते पलंगाच्या पायथ्याशी धापा टाकत उभे होते. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. वेणी घातलेली, कुंकू लावलेलं, डोळे उघडे. उजव्या हाताचं बोट बटणावर होतं. तिकडं तशीच सोडून आलेली सुई या खोलीत खरखरत होती.

काकांना बोलता येत नव्हतं. मागं धाकटा येऊन उभा राहिला, गालावरचा साबण सुकत होता. काकूंनी नवऱ्याचे धुळीचे पाय पाहिले, उघडं डोकं पाहिलं. मग बोटानं बटण दाबलं. खरखर थांबली. इकडची, आणि भिंतीपलीकडचीही.

"हां," काकू म्हणाल्या. "आता बोला."